सोलापुरात जुनी मोटारसायकल घेताना: कागदांपासून पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत

जुनी मोटारसायकल पाहायला गेलेल्या नवख्या माणसाचे लक्ष बहुधा टाकीचा रंग, सीटचे नवे कव्हर आणि मीटरवरचे किलोमीटर यांवर खिळते. विकणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते, म्हणून गाडी धुऊन, पॉलिश मारून, टायरांना काळी चकाकी देऊन आणि इंजिन आधीच गरम करून ठेवलेली असते. गाडी पाहण्याचा क्रम मुळात उलटा हवा: आधी कागद, मग थंड इंजिन, मग प्रत्यक्ष चालवणे, आणि भावाची बोलणी सर्वांत शेवटी. इंजिनातला दोष पैसे टाकून निघतो. कागदांतला दोष मात्र कधी कधी कितीही पैसे टाकले तरी निघत नाही. शिवाय कागद घरी बसून, जवळपास फुकटात तपासता येतात. म्हणून हा क्रम मी आग्रहाने सांगत आहे.

गरज आणि गाडी

रोजचा रस्ता कोणता, हे आधी ठरवावे. नवी पेठ, अशोक चौक, सात रस्ता अशा शहरातल्या फेऱ्यांसाठी शंभर सीसीची हलकी गाडी पुरेशी आहे. केगावला विद्यापीठात किंवा चिंचोळी एमआयडीसीत रोज जायचे असेल, तर पुणे महामार्गावर ट्रक आणि एसटी बसच्या सोबतीने चालवावे लागते. तिथे सव्वाशे सीसी किंवा त्याहून थोडी ताकदीची गाडी बरी, कारण ओव्हरटेक करताना पिकअप कमी पडणे धोक्याचे असते.

वर्ष निवडताना दोन तारखा लक्षात ठेवाव्यात. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीपर्यंतच्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय आणि त्यावरील दुचाकींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२० पासून फक्त बीएस-सहा, म्हणजे प्रदूषणाच्या अधिक कडक निकषांच्या, गाड्यांची नोंदणी होऊ लागली आणि कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. कार्बोरेटरची गाडी गल्लीतला कोणताही मिस्त्री दुरुस्त करतो, तर इंजेक्शनच्या गाडीतला बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. तरीही नवशिक्याने २०१९ नंतरची गाडी घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे; घाबरून ब्रेक दाबण्याचे प्रसंग पहिल्या वर्षातच अधिक येतात आणि त्या वेळी ही ब्रेकची सोय उपयोगी पडते.

कागद

गाडीचा नंबर मिळाला की ती पाहायला जाण्यापूर्वी परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर तो टाकावा. नोंदणीची तारीख, नोंदणी कधीपर्यंत वैध आहे, विमा आणि पीयूसीची मुदत, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, ही माहिती तिथे दिसते. मालकाचे नाव पूर्ण दिसत नाही, पण जितकी अक्षरे दिसतात ती समोरच्या माणसाच्या ओळखपत्राशी जुळायला हवीत. ई-चलन थकले आहे का, हेही त्याच वेळी पाहावे.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्यामुळे तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली, तरी वर्ष-दीड वर्षात तपासणी, नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर यांचा खर्च आपल्याच खिशातून होणार, हे धरूनच भाव लावावा.

विम्याच्या बाबतीत एक गैरसमज फार दिसतो. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा घेणे सक्तीचे झाले. विकणारा त्या पॉलिसीवरची शेवटची तारीख दाखवून 'विमा चालू आहे' असे सांगतो आणि ते खोटेही नसते. परंतु थर्ड पार्टी विमा दुसऱ्याच्या नुकसानीपुरता असतो. आपली गाडी चोरीला गेली किंवा मोडली तर त्यातून काहीही मिळत नाही. स्वतःच्या गाडीचा विमा पुष्कळदा एकाच वर्षाचा घेतलेला असतो आणि तो कधीच संपलेला असतो. पॉलिसीच्या कागदावर हे दोन भाग वेगवेगळे लिहिलेले असतात, ते दोन्ही वाचावेत.

यानंतर मूळ आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, पाहावी. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो गाडी पाहायला चालेल, व्यवहाराला चालणार नाही. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीच्या मानेवर, म्हणजे हँडलच्या खालच्या लोखंडी भागावर, ठोकलेला असतो आणि इंजिन नंबर इंजिनच्या खालच्या केसिंगवर असतो. फडक्याने धूळ पुसून दोन्ही नंबर आकड्यागणिक जुळवावेत. एखादा आकडा वाकडा, जास्त खोल किंवा घासलेल्या जागेवर ठोकलेला दिसला, तर कारण विचारत न बसता तिथून निघावे. त्यावर कोणतेही समाधानकारक स्पष्टीकरण असू शकत नाही.

कागदांत अडकणाऱ्या गाड्या सोलापुरात साधारण तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार कर्नाटक पासिंगचा. विजयपूर आणि कलबुर्गी जवळ असल्यामुळे केए २८ आणि केए ३२ क्रमांकाच्या गाड्या इथे विकायला येतात आणि स्वस्त वाटतात. परंतु दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ महाराष्ट्रात ठेवायची असेल, तर मूळ आरटीओची ना-हरकत घेऊन इथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा रस्ता कर भरावा लागतो. हा सगळा खर्च आणि कर्नाटकातल्या फेऱ्या मोजल्या की स्वस्ताई उरत नाही. ना-हरकत हातात नसेल, तर अशी गाडी घेऊ नये. पुणे किंवा धाराशिव पासिंगच्या गाडीला कराचा प्रश्न नसतो, पण आरटीओ बदलते. आपल्याच जिल्ह्यात सोलापूरचा क्रमांक एमएच १३ आणि अकलूजचा एमएच ४५ आहे, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रकार बोजाच्या गाड्यांचा. कर्ज फिटले असे तोंडी सांगितले जाते, पण आरसीवर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव तसेच असते. बँकेचे ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय ते नाव निघत नाही. हे काम विकणाऱ्याने करून द्यायचे आहे, घेणाऱ्याने नव्हे.

तिसरा प्रकार मयत मालकाच्या गाडीचा. गाडी वडिलांच्या नावावर असते, वडील वारलेले असतात, आणि मुलगा चांगल्या मनाने गाडी विकायला काढतो. त्याच्या हेतूत खोट नसली तरी त्याची सही कायद्याच्या दृष्टीने मालकाची नसते. वारसाने आधी फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करावी आणि मगच विकावी. घरच्या ओळखीतला व्यवहार असेल तर हे सांगायला संकोच वाटतो. तरीही स्पष्ट सांगावे.

एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा क्रमांकपट्टी, म्हणजे एचएसआरपी, बसवली आहे का, तेही पाहावे, कारण ती नसेल तर आरटीओतली पुढची कामे अडतात.

थंड इंजिन

गाडी सकाळी पाहावी, आणि 'मी येईपर्यंत चालू करू नका' असे आदल्या दिवशीच फोनवर सांगावे. गेल्याबरोबर इंजिनजवळ हात नेऊन पाहावा. ते गरम असेल तर विकणाऱ्याला थंड इंजिनाचे काहीतरी लपवायचे आहे, असे समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. गरम गाडी एका किकमध्ये चालू होते; झिजलेले इंजिन, कमजोर बॅटरी आणि बिघडलेला चोक थंड गाडीतच उघडे पडतात. सेल्फ असला तरी किकही मारून पाहावी.

चालू होताना सायलेन्सरमागे एका माणसाला उभे करावे. निळसर धूर सतत येत राहिला तर गाडी ऑइल पिते आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले आहेत; त्याचा खर्च मोठा असतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळते आहे, आणि तो दोष फिल्टर किंवा कार्बोरेटरच्या साफसफाईनेही जाऊ शकतो. सुरुवातीला थोडी पांढरी वाफ दिसून ती लगेच थांबली तर काळजीचे कारण नाही. सोबत मिस्त्री असल्यास प्लग काढून दाखवायला सांगावे: टोक विटकरी-तपकिरी असेल तर इंजिन निरोगी, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, ओलसर काळे तेल असेल तर ऑइल वर चढते आहे. आवाजात इंजिनच्या डोक्याकडून, म्हणजे वरच्या भागातून, येणारी बारीक टिकटिक टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची) असू शकते आणि ती जुळवून घेता येते. एका बाजूने साखळी घासल्यासारखी खरखर येत असेल तर टायमिंग चेनचे काम निघाले आहे, आणि खालून ठोक्यासारखा आवाज येत असेल तर तो व्यवहार तिथेच सोडावा.

आता गाडी डबल स्टँडवर लावून खाली बसावे. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवरून बोट फिरवावे. बोट कोरडे राहिले तर सील ठीक आहे. बोटाला तेलात भिजलेली काळी धूळ लागली तर सील गळते आहे. याच नळ्यांकडे गाडीच्या बाजूला उभे राहून पाहावे, कारण मोठ्या धडकेत त्या थोड्या मागे वाकतात आणि पुढचे चाक इंजिनच्या जास्त जवळ आलेले दिसते. नंतर कोणाला तरी गाडी मागे दाबायला सांगून पुढचे चाक अधांतरी करावे आणि हँडल अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावे. मधोमध आल्यावर ते क्षणभर खाचेत बसल्यासारखे अडले तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्यातले बेअरिंग, खराब झाला आहे. तो बदलता येतो, परंतु खड्ड्यांतून बेफाम चालवल्याची ती खूण आहे.

मागच्या चाकाजवळ चेनकव्हरची खिडकी उघडून चेन मागच्या स्प्रॉकेटपासून बाहेर ओढावी. ती अर्ध्या दातापेक्षा जास्त सुटून आली, किंवा स्प्रॉकेटचे दात वाकून हुकासारखे झाले असतील, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलावे लागतील. नुसती चेन बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे, कारण झिजलेले दात नवी चेन लवकर खातात.

टायरची नक्षी तर सगळेच पाहतात, त्याची जन्मतारीख फार थोडे पाहतात. टायरच्या बाजूला चार आकडी अंक असतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा पडतात. नक्षी शिल्लक असली तरी अशा भेगा पडलेला टायर बदलायचाच आहे, असे धरावे. पेट्रोलच्या नळीलाही हेच लागू आहे. ती दोन बोटांत दुमडून भेगा दिसतात का ते पाहावे.

मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी ब्रेकच्या पायपट्टीचे रबर, हँडलच्या मुठी आणि किकचे रबर पाहावे. मीटर पंधरा हजार किलोमीटर दाखवत असेल आणि पायपट्टी गुळगुळीत होऊन लोखंड दिसत असेल, तर मीटर मागे फिरवले आहे किंवा बदलले आहे.

पुरात बुडालेल्या गाड्यांबद्दल इथे वेगळे सांगणे आवश्यक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराचे पाणी जिल्ह्यातल्या अनेक गावांत शिरले. पाण्यात राहिलेली गाडी धुऊन चालू करता येते, पण वायरिंग आणि बेअरिंगमधला गंज महिनोन् महिने वाढत राहतो. सीट काढून वायरींच्या जोडांवर हिरवट थर आहे का, हेडलाइटच्या काचेच्या आत गाळाची रेघ आहे का आणि एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी सुकलेली माती आहे का, एवढ्या तीन जागा पाहिल्या तरी बरेच कळते.

चालवून पाहणे

लायसन्स नसेल तर गाडी स्वतः चालवू नये, ओळखीच्या अनुभवी चालकाला सोबत न्यावे. आयएसआय खुणेचे हेल्मेट घालूनच निघावे.

गाडी पहिल्या गिअरपासून शेवटच्या गिअरपर्यंत न्यावी आणि तशीच उतरत आणावी. गिअर टाकल्यावर तो आपोआप सुटत असेल तर गिअरबॉक्सचे काम आहे. वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने जाताना मूठ पिळली आणि इंजिनचा आवाज वाढूनही वेग वाढला नाही, तर क्लचप्लेट घसरते आहे. रेल्वेपुलाच्या चढावर, मागे एक माणूस बसवून, हे अधिक लवकर समजते. मोकळ्या सरळ रस्त्यावर हँडल हलक्या हाताने धरावे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर चाकांची रेषा किंवा चेसिस बिघडलेली असू शकते, आणि चेसिस वाकलेली गाडी कोणत्याही भावात घेऊ नये. ब्रेक दोन्ही वेगवेगळे लावून पाहावेत. फेरी संपल्यावर गाडी पाच मिनिटे चालू ठेवून इंजिनखाली ऑइलचा थेंब पडतो का ते पाहावे.

व्यवहार आणि नाव बदलणे

खर्चासाठी ठरवलेल्या रकमेचा साधारण पाचवा हिस्सा आधीच बाजूला काढून ठेवावा. टायर, चेनकिट, बॅटरी, विमा आणि नावबदलाचा खर्च त्यातून होतो. पाहणीत निघालेली प्रत्येक दुरुस्ती मिस्त्रीकडून किमतीसह कागदावर लिहून घ्यावी आणि तो कागद समोर ठेवून भाव बोलावा. नुसते 'थोडं कमी करा' म्हणण्यापेक्षा हे विकणाऱ्याला पटते आणि संबंधही बिघडत नाहीत. गाडी न पाहता आगाऊ पैसे कोणालाही पाठवू नयेत. जवानाची बदली झाली आहे, गाडी पार्सलने येईल, असे सांगून पैसे उकळण्याचे प्रकार सर्रास होतात.

पैसे खात्यावर द्यावेत. त्याच बैठकीत फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, ज्यांना आपल्याकडे टीटी फॉर्म म्हणतात, त्यांवर विकणाऱ्याच्या सह्या घ्याव्यात, त्याच्या ओळखपत्राची सही केलेली प्रत घ्यावी, आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ लिहिलेली पावती दोघांनी सही करून ठेवावी. कायद्यानुसार एकाच राज्यातील व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावबदलाचा अर्ज करायचा असतो. विमा कंपनीकडे पॉलिसी नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांत करावा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याचाच असतो, तो आपल्याला मिळत नाही.

'फॉर्मवर सह्या आहेत, नाव सावकाश करू' ही पद्धत आपल्याकडे सर्रास चालते आणि ती दोघांनाही धोक्याची आहे. आरसीवर ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. म्हणजे विकणारा माणूस विकलेल्या गाडीच्या अपघातासाठी कोर्टात उभा राहू शकतो, आणि घेणाऱ्याकडे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा करताना दाखवायला काहीच उरत नाही. विकणाऱ्याला हे नीट समजावून सांगितले की तो स्वतःहून आरटीओत यायला तयार होतो.

पहिले पंधरा दिवस

आधीच्या मालकाने ऑइल 'परवाच बदललं' असे सांगितले तरी ते बदलावे. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत ते एक लिटरच्या आसपास लागते. ग्रेड कंपनीच्या पुस्तिकेत असेल तोच घ्यावा. जुने ऑइल डब्यात काढून पाहिल्यास त्यात चकाकणारे धातूचे कण दिसतात का, हेही कळते. एअर फिल्टर बदलावा. सोलापूरची धूळ बारीक असते आणि कोंडलेल्या फिल्टरमुळे ॲव्हरेज पडते. फोमचा फिल्टर धुता येतो, कागदी फिल्टर कधीही धुऊ नये. चेनला मधोमध वर-खाली दाबल्यावर अडीच सेंटिमीटरच्या आसपास ढिलाई असावी. जास्त ताणलेली चेन बेअरिंग खाते. डिस्क ब्रेक असेल तर ब्रेक ऑइल बदलून घ्यावे, कारण ते दर दोन वर्षांनी बदलायचे असते आणि जुन्या गाडीत ते सहसा कोणी बदललेले नसते.

हवा सकाळी, चाके थंड असताना भरावी. उन्हातून चालवून आल्यावर मोजलेली हवा जास्त दिसते आणि पंपावरचा मुलगा ती काढून टाकतो. दुसऱ्या दिवशी टायर मऊ होतो. हवेचा आकडा स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा) किंवा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर असतो. पाण्याची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा पातळी पाहून डिस्टिल्ड वॉटर घालावे.

याच पंधरा दिवसांत नव्या चालकाने पहाटे मोकळ्या मैदानावर ब्रेकचा सराव करावा. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, पण तो झटक्याने आवळला तर चाक घसरते. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, आधी हलके आणि मग वाढत्या दाबाने, हँडल सरळ ठेवून लावण्याची सवय हाताला लावावी. वीसच्या वेगाने सुरुवात करून चाळीसपर्यंत जावे. वळणावर किंवा वाळूवर पुढचा ब्रेक टाळावा.

हिवाळ्यात गाळप हंगाम सुरू झाला की पंढरपूर, बार्शी आणि अक्कलकोट रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर लोंबत असतो. समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रकाशाने डोळे दिपल्यावर अशी ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, म्हणून त्या क्षणी वेग कमी करून डाव्या कडेची पांढरी रेघ पाहत चालावे. संध्याकाळी पुण्याच्या दिशेने जाताना सूर्य थेट डोळ्यांवर येतो; हेल्मेटची काच ओरखडलेली असेल तर समोरचे काहीच दिसत नाही, तेव्हा काच वेळच्या वेळी बदलावी. रात्री रंगीत काच वापरू नये.

नवी आरसी हातात आल्यावर तिच्यावरचे नावाचे स्पेलिंग, पत्ता, चेसिस आणि इंजिन नंबर पुन्हा एकदा गाडीशी जुळवून घ्यावेत, बोजाचा रकाना रिकामा असल्याची खात्री करावी, आणि ताबा पावती जुन्या आरसीच्या प्रतीसह फाइलमध्ये जपून ठेवावी. गाडी घेण्यापूर्वीच्या तारखेचे चलन पुढे आले तर ते आपले नाही, हे त्याच पावतीवरून सिद्ध करता येते.